रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे काय? हिपॅटायटिस ‘सी’ची रक्ततपासणी समजून घेऊ

(28 जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त रेणापूर येथे प्रभागसंघाच्या सभेत झालेले भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे.)



खुरपणीचे दिवस आहेत. सोयाबीनमध्ये तण माजलंय आणि तरी तुम्ही वेळ काढून आलात. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं एक सूत्र आहे. बैठकीत आपण ते म्हणतो, आणि लगेच हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज याकडे वळतो. आज तसं करायचं नाही. आज एका कागदाबद्दल बोलायचं आहे. तो कागद म्हणजे रक्ताचा रिपोर्ट.

हा कागद आपल्या हातात कधी येतो? पिशवीचं ऑपरेशन असतं, पित्ताच्या खड्याचं असतं, सासूबाईच्या मोतीबिंदूचं असतं. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात रक्त घेतात आणि त्यात बहुतेक ठिकाणी तीन तपासण्या करतात. एक एचआयव्हीची, दुसरी हिपॅटायटिस बी ची, तिसरी हिपॅटायटिस सी ची. रक्तदान केलं तरी रक्तपेढी या तपासण्या करते. म्हणजे बाई गेलेली असते पोटाच्या दुखण्यासाठी, आणि कागदावर भलतंच काही निघतं. ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ किंवा ‘रिअॅक्टिव्ह’. रिपोर्ट इंग्रजीत असतो. सांगणारा घाईत असतो. आणि त्या दोन शब्दांवरून घरात काय काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. रक्त तपासणीच्या खोलीत काम करणारी बाई आहे मी. म्हणून सांगते, या दोन शब्दांचा अर्थ पूर्ण समजून घ्या. निम्मा समजला तर नुकसान होतं.

आधी आजार समजून घेऊ

हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरला, यकृताला येणारी सूज. आपण सगळ्यालाच ‘कावीळ’ म्हणतो. पण हा आजार करणारे विषाणू वेगवेगळे आहेत. ‘ए’ आणि ‘ई’ हे घाण पाण्यातून, उघड्यावरच्या अन्नातून येतात. पाइपलाइन गटाराजवळ फुटली की वस्तीच्या वस्ती आजारी पडते. 2012 साली इचलकरंजीत कावीळीची मोठी साथ आली होती, ती ‘ई’ची. ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. गरोदर बाईला मात्र ‘ई’ फार धोक्याची.

‘बी’ आणि ‘सी’ यांचा रस्ता वेगळा. ‘सी’ रक्तातून येतो. एकाच्या रक्ताचा थेंब दुसऱ्याच्या रक्तात गेला तर. एकच सुई दोघा-तिघांना टोचली, न उकळलेली हत्यारं वापरली, तपासणी न केलेलं रक्त चढवलं, जत्रेत एकाच सुईने आणि एकाच शाईने सगळ्यांना गोंदलं, तर. सुकलेल्या रक्तातही हा विषाणू काही दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून डोळ्यांना स्वच्छ दिसणारी सुईही स्वच्छ असेलच असं नाही. शेजारच्या गुजरातमध्ये मोडासा भागात 2009 साली ‘बी’ची साथ आली. वापरलेल्या सुया परत वापरल्यामुळे ती पसरली आणि बरीच माणसं गेली. ‘सी’चाही हाच रस्ता आहे.

‘सी’ची खोड अशी की तो बराच काळ काही दाखवत नाही. ना डोळे पिवळे, ना ताप. बाई शेतात जाते, डोक्यावर वैरण आणते, पापड लाटते. आणि आत वीस-तीस वर्षं लिव्हर हळूहळू घट्ट होत जातं. पोटात पाणी झाल्यावर कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. काहींना पुढे लिव्हरचा कॅन्सर होतो. म्हणून तपासणी महत्त्वाची. त्रास होईल तेव्हा बघू, हे इथे चालत नाही.

हा विषाणू सापडला 1989 साली. त्याच्या आधी डॉक्टरांना एवढंच कळायचं की रक्त चढवल्यावर काहींना कावीळ होते, आणि ती ‘ए’ही नसते आणि ‘बी’ही नसते. ज्यांनी हा शोध लावला त्या हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना 2020 चं नोबेल पारितोषिक मिळालं. विषाणू सापडला म्हणून तपासणी तयार झाली. आपल्या देशात रक्तपेढीत ‘सी’ची तपासणी सक्तीची झाली ती 2001-02 च्या सुमारास. म्हणजे त्याच्या आधी बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये ज्यांना रक्त चढलं, त्यांचं ते रक्त ‘सी’साठी तपासलेलं असेलच असं नाही. तुमच्यात कुणी तशी असेल, किंवा तुमच्या आईला, सासूला तेव्हा रक्त चढलं असेल, तर एकदा तपासून घ्या. हा पहिला निरोप.

अँटीबॉडी म्हणजे पावलांचे ठसे

आता त्या कागदाकडे येऊ. पहिली तपासणी जी होते तिला ‘अँटी-एचसीव्ही’ म्हणतात. ही अँटीबॉडीची तपासणी. अँटीबॉडीला मराठीत प्रतिपिंड म्हणतात. कुठलाही जंतू अंगात शिरला की आपलं शरीर त्याच्याशी लढायला ही प्रतिपिंडं तयार करतं. तपासणी त्या प्रतिपिंडांना शोधते. प्रत्यक्ष विषाणूला ती शोधतच नाही.

हे नीट ध्यानात घ्या. सकाळी तुम्ही शेतात गेलात आणि तुरीच्या ओळीत रानडुकराच्या पावलांचे ठसे दिसले. त्यावरून काय कळलं? डुक्कर येऊन गेलं एवढं कळलं. ते अजून रानातच दडून बसलंय की रात्रीच निघून गेलं, हे ठशावरून कळत नाही. त्यासाठी रानात शिरून बघावं लागतं. अँटीबॉडी म्हणजे ठसा. विषाणू म्हणजे डुक्कर.

‘सी’ची लागण झालेल्या शंभर माणसांत साधारण 15 ते 45 जणांचं शरीर सहा महिन्यांच्या आत, औषधाशिवाय, विषाणू स्वतःच काढून टाकतं. त्यांच्या रक्तात विषाणू उरत नाही. पण ठसा राहतो. अँटीबॉडी वर्षानुवर्षं राहते, बहुतेकांना जन्मभर. त्यांची तपासणी कधीही केली तरी ‘पॉझिटिव्ह’ येणार. आजार मात्र नाही. जे गोळ्या घेऊन बरे झाले, त्यांचंही तेच.

म्हणून अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह या शब्दाचा खरा अर्थ तीनपैकी एक असतो. पहिला, विषाणू आज अंगात आहे आणि उपचार लागणार. दुसरा, विषाणू कधीतरी येऊन गेला, आता नाही. तिसरा, तपासणीच चुकली, ठसा दुसऱ्याच जनावराचा होता. यातला तुमचा अर्थ कोणता, हे पहिला कागद सांगू शकत नाही. कुणीही, कितीही मोठा माणूस, फक्त तेवढ्या कागदावरून सांगू शकत नाही.

तपासणी चुकते म्हणजे काय? हिशेब करून बघू

आपण गटातल्या बाया हिशेबाला पक्क्या, म्हणून हिशेबानेच सांगते. देशात सर्वेक्षण झालं त्यात ‘सी’ची अँटीबॉडी शंभरात 0.32 लोकांत सापडली. म्हणजे हजारात साधारण 3.

आता समजा आपल्या प्रभागातल्या हजार बायांची तपासणी केली. त्यात 3 जणींत खरोखर अँटीबॉडी आहे. आणि समजा तपासणी इतकी चांगली आहे की निरोगी हजार बायांमागे फक्त 5 जणींना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. मग पॉझिटिव्ह किती आल्या? 3 खऱ्या, 5 चुकीच्या, एकूण 8. त्या तीन खऱ्यांपैकीही एखादीचा विषाणू आपोआप गेलेला असू शकतो. म्हणजे आठ जणींच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद, आणि प्रत्यक्ष आजार दोघी-तिघींना. उरलेल्या पाच-सहा जणी विनाकारण रडणार.

हा 5 चा आकडा मी हिशेबासाठी धरला आहे. पण गोष्ट खरी आहे. आजार जितका विरळा, तितकं पहिल्या तपासणीच्या पॉझिटिव्हवर एकदम भरवसा ठेवायचा नाही. याच्या उलट, जिचं डायलिसिस चालू आहे, जिला खूपदा रक्त चढलंय, तिचा पॉझिटिव्ह खरा असण्याची शक्यता जास्त.

इजिप्त देशाने हे फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. तिथे पूर्वी एका आजारावर गावोगाव इंजेक्शनं दिली, त्याच त्या सुयांनी, आणि त्यातून ‘सी’ घरोघरी पोहोचला. मग 2018-19 मध्ये त्यांनी साधारण पाच कोटी लोकांची अँटीबॉडी तपासणी केली. सुमारे 22 लाख पॉझिटिव्ह आले. त्यांची दुसरी तपासणी केली तेव्हा चारातल्या साधारण तिघांत विषाणू सापडला. चौथ्यात नव्हता. जिथे आजार एवढा पसरलेला, तिथेसुद्धा चौथ्यात नव्हता. आणि ज्यांच्यात सापडला त्यांना सरकारने गोळ्या फुकट दिल्या.

दुसरी तपासणी, जिच्यावर निकाल ठरतो

रानात शिरून डुक्कर शोधणारी तपासणी म्हणजे ‘एचसीव्ही आरएनए’. हिलाच ‘व्हायरल लोड’ म्हणतात. ही थेट विषाणू शोधते.

‘नॉट डिटेक्टेड’ किंवा ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं आलं, तर विषाणू सापडला नाही. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. नुकतीच सुई टोचल्याची शंका असेल तर डॉक्टर काही महिन्यांनी परत करायला सांगतील.

‘डिटेक्टेड’ असं आलं आणि पुढे मोठा आकडा असला, तर विषाणू आहे, उपचार घ्यायचा. आकडा लाखांत असला तरी घाबरू नका. आकडा मोठा म्हणजे लिव्हर जास्त खराब, असं नसतं. लिव्हरची अवस्था सोनोग्राफी आणि बाकीच्या तपासण्यांवरून कळते.

पहिल्या रिपोर्टवरही कधी कधी एक आकडा असतो, ‘एस/सीओ’ असं लिहिलेला. तो पाहून “माझा एवढा निघाला, हिचा तेवढा” अशी तुलना करत बसू नका. तो विषाणूचा आकडा नव्हे.

अजून एक घोळ होतो तो सांगते. ‘बी’ची जी तपासणी आहे, ‘एचबीएसएजी’, ती थेट ‘बी’ विषाणूचाच तुकडा शोधते. म्हणून ती पॉझिटिव्ह आली आणि परत करून पक्की झाली, तर ‘बी’ आज अंगात आहे. ‘सी’ची पहिली तपासणी तशी नाही. दोन्ही नावं एकाच कागदावर, एकाखाली एक असतात. नेमकी कुठली ओळ पॉझिटिव्ह आहे, ते बोट ठेवून विचारा.

निगेटिव्ह आला तरी एक गोष्ट

ठसा उमटायलाही वेळ लागतो. विषाणू अंगात शिरल्यावर अँटीबॉडी तयार व्हायला साधारण 8 ते 11 आठवडे लागतात, काहींना सहा महिन्यांपर्यंत. समजा मागच्या आठवड्यात कुणाच्या वापरलेल्या सुईची जखम झाली, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या आपल्या बायांना ती होते, आणि आज रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो आजचा निगेटिव्ह आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी परत तपासा. आरएनए तपासणीत मात्र विषाणू एक-दोन आठवड्यांतच दिसतो.

डायलिसिसवर असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या माणसाच्या अंगात कधी कधी अँटीबॉडी तयारच होत नाही. त्यांना थेट आरएनए तपासणी लागू शकते.

दवाखान्यात काही वेळा छोट्या पट्टीवर, कार्डावर तपासणी करतात, गरोदरपणाची करतात तशी. त्यावर ‘सी’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरं असतात. इथला ‘सी’ म्हणजे हिपॅटायटिस सी नव्हे. ती कार्ड चांगलं आहे हे सांगणारी रेघ. ‘सी’ची एकटी रेघ आली तर निगेटिव्ह. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही आल्या तर पॉझिटिव्ह. ‘सी’ची रेघच आली नाही तर कार्ड बाद, तपासणी नव्याने करायची. एका ताईला कार्डावर ‘सी’ समोर रेघ दिसली आणि तिला वाटलं आपल्याला हिपॅटायटिस सी झाला. ती रडतच बाहेर आली होती.

अर्धवट कळलं की काय होतं

आपल्याच भागातली गोष्ट आहे. गाव सांगत नाही, कारण त्या ताईला आणखी त्रास नको. पिशवीच्या ऑपरेशनसाठी ती एका खासगी दवाखान्यात गेली. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आला. तिथे तिला सांगितलं, “तुम्हाला मोठी कावीळ आहे, ऑपरेशन होणार नाही.” पुढे काय करायचं, कुठे जायचं, कुणी सांगितलं नाही. घरी आल्यावर तिचं ताट-तांब्या वेगळा झाला. सुनेने लेकरू तिच्याजवळ द्यायचं बंद केलं. गटात तिचा नंबर पोळ्या लाटायचा होता, तर कुणीतरी म्हणालं, “तुम्ही राहू द्या.” गटातून दहा हजार उचलून तिने झाडपाल्याचं औषध घेतलं. चार महिने.

मग आशाताईने तिला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. आरएनए तपासणी झाली. ‘नॉट डिटेक्टेड’. तिला आजार नव्हताच. कधीतरी येऊन गेला असेल किंवा पहिली तपासणी चुकली असेल. पण दहा हजाराचं कर्ज खरं होतं, त्याचं व्याज खरं होतं. आणि नातवाला चार महिने जवळ घेतलं नाही, ते कशाने भरून निघणार?

आणि समजा, विषाणू निघाला असता तरी? तरीही ताट वेगळं करायचं काही कारण नव्हतं. हा आजार एका ताटात जेवल्याने होत नाही, पाण्याने होत नाही. मिठी मारली, लेकराचा मुका घेतला, खोकला आला, कपडे एकत्र धुतले, एकाच संडासात गेलं, तरी होत नाही. तिने लाटलेल्या पोळीतून होत नाही. घरात वेगळ्या ठेवायच्या वस्तू मोजक्याच. ब्लेड, दाढीचा वस्तरा, नखं काढायचं यंत्र, दाताचा ब्रश. जखम झाली तर तिच्यावर पट्टी. एवढंच.

औषध आहे, आणि ते फुकट आहे

पूर्वी ‘सी’चा उपचार म्हणजे सहा महिने ते वर्षभर इंजेक्शनं, खूप त्रास आणि घर विकावं लागेल एवढा खर्च. आता तसं नाही. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर अशा गोळ्या असतात. साधारण रुग्णाला रोज, 12 आठवडे. म्हणजे 84 दिवस. शंभरातले 95 आणि त्याहून जास्त बरे होतात. लिव्हर फार बिघडलं असेल तर गोळ्या वेगळ्या, दिवसही जास्त लागू शकतात.

केंद्र सरकारने 28 जुलै 2018 ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. खासगीत आरएनए तपासणीलाच काही हजार लागतात. म्हणून कागद पॉझिटिव्ह आला की पहिली पायरी कुठली? रेणापूरचं ग्रामीण रुग्णालय. रिपोर्ट दाखवा आणि स्पष्ट म्हणा, “मला हिपॅटायटिसच्या सरकारी कार्यक्रमातून आरएनए तपासणी करायची आहे.” लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा दुसरीकडे पाठवत असतील तर चिठ्ठी लिहून घ्या. एकटीला जायची भीती वाटत असेल तर आशाताईला घ्या, गटातली मैत्रीण घ्या.

गोळ्या चालू करण्याआधी डॉक्टरला काहीही लपवू नका. टीबीच्या, फिटच्या, हृदयाच्या, पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, कारण काही गोळ्यांचं एकमेकींशी जमत नाही. पाळी चुकली असेल, दिवस असतील तर सांगा. ‘बी’ची तपासणीही करून घ्या. आणि मधेच बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नका.

गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी परत आरएनए तपासणी करायची. तेव्हा ‘नॉट डिटेक्टेड’ आलं की तुम्ही बऱ्या झालात. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाजवळ ठेवा. का? पुढे कधीही ऑपरेशन असलं की पुन्हा अँटीबॉडी तपासतील आणि ती पुन्हा पॉझिटिव्ह येईल. तेव्हा हा कागद दाखवायचा. नाहीतर सगळं रडगाणं पहिल्यापासून.

सभेत विचारलेले प्रश्न

*मालकाला झालंय, मला होईल का?*
नवरा-बायकोत हा सहसा पसरत नाही, पण अशक्य नाही. तुम्ही एकदा तपासून घ्या. त्यांचं ब्लेड-ब्रश वेगळं ठेवा. निरोध वापरला तर उत्तमच.

*आईला असेल तर लेकराला होतो का?*
विषाणू अंगात असलेल्या शंभर आयांमागे साधारण पाच-सहा लेकरांना होतो. बाकीच्यांना नाही. अंगावर पाजायला हरकत नाही. स्तनाग्राला चिरा पडून रक्त येत असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं. आणि एक महत्त्वाचं. आईची अँटीबॉडी पोटातूनच बाळाकडे जाते आणि बरेच महिने राहते. म्हणून बाळ दीड वर्षाचं होण्याआधी अँटीबॉडीची तपासणी करून “बाळाला झालाय” असं म्हणायचं नाही. तो ठसा आईचा असतो.

*‘सी’ची लस आहे का?*
नाही. ‘बी’ची आहे. बाळ जन्मलं की 24 तासांच्या आत ‘बी’चा पहिला डोस मिळाला का, हे बाळंतपणाच्या खाटेवरच विचारा.

*आमच्याकडे एकजण कावीळ उतरवतो. हात धुतले की पिवळं पाणी निघतं.*
हाताला आधी लावलेल्या झाडपाल्याच्या रसाला चुन्याचं पाणी लागलं की पिवळा रंग येतो. तुमच्या हातातून कावीळ निघत नाही, रस आणि चुना यांचा रंग निघतो. निरोगी माणसाने तसेच हात धुवून बघावेत. मग लोकांना गुण का येतो? कारण ‘ए’ची कावीळ बहुतेकांची तशीही बरी होते आणि श्रेय त्याला मिळतं. ‘सी’ तसा जात नाही. तिथे चार-पाच वर्षं उतरवण्यात घालवली तर लिव्हर जातं.

*बरं झाल्यावर पुन्हा होतो का?*
होतो. अंगात अँटीबॉडी आहे म्हणून संरक्षण मिळालं, असं ‘सी’च्या बाबतीत नाही. पुन्हा घाण सुई टोचली तर पुन्हा लागण. त्या वेळी थेट आरएनए तपासणीच करावी लागते, कारण ठसा जुना असतो.

*बरी झाले, आता रक्तदान करू का?*
नको. अँटीबॉडी पॉझिटिव्ह रक्त रक्तपेढी घेत नाही. रक्त घेणाऱ्याच्या सुरक्षेसाठी तो नियम आहे. त्यात तुमचा अपमान नाही.

गटाने काय करायचं

प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत या गोष्टी ठरवून इतिवृत्तात लिहाव्यात, अशी माझी विनंती आहे.

1. कुणाच्या रिपोर्टवर ‘सी’ पॉझिटिव्ह आला तर आरएनए तपासणी होईपर्यंत तिला ‘आजारी’ म्हणायचं नाही. आणि तिचं नाव बैठकीबाहेर न्यायचं नाही.

2. तिला पोळ्यांवरून, भांड्यावरून, लेकरावरून कुणी बाजूला केलं तर गटातल्या दोघींनी तिच्या घरी जायचं आणि सासू-सुनेला समजावून सांगायचं. तिचं ताट गटाच्या जेवणात आपल्याच पंगतीत असेल.

3. कावीळ उतरवायला आणि न कळणाऱ्या औषधाला अंतर्गत कर्ज देण्याआधी विचारायचं, “सरकारी दवाखान्यात आरएनए केली का?” पण लातूरला जायचं भाडं नाही म्हणून कुणाची तपासणी अडली, तर ते भाडं गटाने द्यायचं. शे-दोनशे रुपयांत एक संसार वाचत असेल तर याहून चांगलं कर्ज कोणतं?

4. दवाखान्यात सुई घेताना पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगायचं. गोळीने भागत असेल तर “सुईच द्या, सलाईनच लावा” हा हट्ट सोडायचा. जत्रेत गोंदताना, कान-नाक टोचताना नवी सुई आणि नवी शाई. नाही म्हणाला तर उठून यायचं.

5. ज्यांना 2001-02 च्या आधी रक्त चढलंय, ज्यांचं डायलिसिस झालंय, ज्या दवाखान्यात सुया-जखमा हाताळतात, घरात कुणाला ‘सी’ निघालाय, त्यांची यादी आशाताईच्या मदतीने करायची. यादी गुपित ठेवायची आणि सवडीने एकेकीची तपासणी करून घ्यायची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2022 साली आपल्या देशात ‘सी’ची लागण असलेले सुमारे 55 लाख लोक होते. त्यांतल्या कितीतरी जणांना ते माहीतच नाही. आणि इकडे आपल्यातल्या काही जणी आजार नसताना ताट वेगळं घेऊन बसल्यात. दोघींनाही एकच गोष्ट लागते, दुसरी तपासणी.

घरी जाऊन ट्रंकेतली, पिशवीतली जुनी दवाखान्याची कागदं काढा. ऑपरेशनच्या आधीचा रिपोर्ट असेल तर शिकणाऱ्या पोरीकडून ‘अँटी-एचसीव्ही’ची ओळ वाचून घ्या. समोर काय लिहिलंय ते बघा. ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ असेल तर कागद परत घडी घालून ठेवा. ‘रिअॅक्टिव्ह’ असेल आणि पुढची तपासणी झाली नसेल, तर येत्या सोमवारी ग्रामीण रुग्णालयात या. सोबत मैत्रिणीला आणा, कागद आणा. पुढचं आपण मिळून बघू.